बासष्टावं पान

निवाड्यावर सह्या झाल्या की त्याबद्दल बोलायला माझ्या घरी यायचं नसतं, हे कोणाला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझं घर कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. पण नायगावात एखाद्याचं घर शोधायला फारशी अक्कल लागत नाही. बीडीडीच्या नाक्यावर एकाला विचारलं की तो चौघांना हाका मारतो आणि पाचवा माणूस तुम्हाला दारात आणून सोडतो. जयवंत घाडीगावकर तसेच आले, रविवारी सकाळी दहाला, हातात प्लास्टिकची फाइल धरून.

मी केस धुऊन गॅलरीत उभी होते. बघताक्षणी ओळखलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सहासष्ट वर्षांचा काटक माणूस. सव्वा वर्षापूर्वी फोर्टच्या गारठलेल्या हॉलमध्ये मी त्यांना दोन दिवस समोरून पाहिलं होतं.

"मॅडम, दोन मिनिटं."

"काका, तुम्ही इथं यायला नको होतं."

"माहिताय. म्हणून तर रविवारी आलो."

आत आई पेपर वाचत होती. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई, तिचा आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जातो. "नम्रता, आधी पाणी दे त्यांना," ती म्हणाली, "मग काय हाकलायचं ते हाकल."

मी पाणी दिलं.

माझं काम सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. दोन देशांतल्या कंपन्या भांडल्या की कोर्टात न जाता तीन जाणत्या माणसांना लवाद म्हणून नेमतात. ते तिघं ऐकून घेतात आणि निवाडा देतात. तो दोघांनी मानायचा, अपील नाही. या तिघांना मदत करायला एक सेक्रेटरी असते. कागद लावायचे, टिपणं काढायची, निवाड्याचा कच्चा मसुदा तयार करायचा, आणि मधे तोंड उघडायचं नाही. ती मी. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आमच्याकडे तो तिघांच्या मुखी असतो आणि टायपिंग माझ्याकडे.

घाडीगावकरांची केस अशी. मोझांबिकहून तुरीचं एक जहाज मुंबईच्या गोदीत लागलं. तूर खराब निघाली. इथला घेणारा म्हणाला, जहाजातूनच ओली आली. तिथला विकणारा म्हणाला, आम्ही कोरडी पाठवली, तुमच्या धक्क्यावर सात ऑक्टोबरला पाऊस पडला त्यात भिजली. सगळा वाद एवढाच, आधी ओली की नंतर ओली. याचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता. दोन्ही कंपन्यांनी मिळून नेमलेला सर्व्हेअर, म्हणजे घाडीगावकर. त्यांनी चार ऑक्टोबर २०२२ला, जहाजाची झाकणं उघडली त्याच दुपारी, पोत्यांत मीटर खुपसून ओलावा मोजला होता. बारा टक्क्यांच्या आत हवा, तो पंधरा-सोळा भरला होता. त्यांच्या रिपोर्टात तसे आकडे होते. पण रिपोर्ट गेला जहाज पूर्ण रिकामं झाल्यावर, दहा तारखेला. पावसानंतर.

साक्षीत विकणाऱ्याच्या वकिलाने त्यांचं फील्ड बुक मागितलं. सर्व्हेअर जागेवर उभा राहून पेन्सिलीने ज्यात आकडे लिहितो ती पुठ्ठ्याची वही. पानांना छापील नंबर, एका दिवसाला एक पान. एकसष्टाव्या पानावर तीन ऑक्टोबर. त्रेसष्टाव्यावर पाच ऑक्टोबर. बासष्टावं पान कोरं.

वकिलाने ते पान उंच धरून सगळ्यांना दाखवलं. चार तारखेचे आकडे कुठे आहेत, असं विचारलं. सुट्ट्या कागदावर लिहिले होते, घाडीगावकर म्हणाले. तो कागद? हरवला. वही असताना सुटा कागद कशाला? इथे ते थांबले. दुभाषा देतो म्हटलं होतं, तो त्यांनी आदल्या दिवशीच नाकारला होता, चाळीस वर्षं कप्तानांशी इंग्रजी बोलतोय म्हणून. त्यांनी एकदा लंडनहून आलेल्या बाईंकडे पाहिलं, एकदा सिंगापूरच्या गृहस्थांकडे, मग मधे बसलेल्या मुख्य लवादाकडे, म्हणजे आमच्या न्यायमूर्ती धैर्यवान साहेबांकडे. आणि म्हणाले, "आय फरगॉट."

खेळ तिथेच संपला. घेणारा हरला. निवाड्याच्या एकशे अठराव्या परिच्छेदात एक वाक्य आलं, त्याचं मराठी असं: 'साक्षीदार क्रमांक तीन यांचे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नसून, नंतर सोयीने तयार केलेले दिसतात.'

हे वाक्य माझं होतं. साहेबांनी मला सांगितलं होतं, आकडे सिद्ध झाले नाहीत असं लिही. तेवढं पुरेसं होतं. पण ते मला मिळमिळीत वाटलं. इंग्रजीत माझं वाक्य झोकात बसत होतं. तिघांनी मसुदा वाचला, स्वल्पविराम बदलले, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

घाडीगावकरांनी फाइल उघडली. आत गोदीचा गेट पास होता, घडीवर पिवळा पडलेला. पुढे तारखेचा आणि वेळेचा शिक्का: ४ ऑक्टोबर २०२२, दुपारी दोन दहा. मागे पेन्सिलीने चोवीस आकडे, पोत्यांच्या खुणांसकट. खाली जहाजाच्या चीफ ऑफिसरची सही आणि जहाजाचा रबरी शिक्का. मी आकडे वाचत गेले. पंधरा. साडेपंधरा. सोळा. रिपोर्टातलेच.

"कुठे मिळाला?"

"देवाच्या कपड्यात."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी आंघोळ करून त्यांनी आपली कामाची हत्यारं पाटावर मांडली: पाण्याची खोली मोजायची टेप, टॉर्च, पेन्सिली आणि फील्ड बुक. हळदकुंकू वाहिलं. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या गिरणीतल्या वडिलांपासूनची रीत. जहाज दुसऱ्या दिवशी उघडणार होतं, ते त्याच दुपारी उघडलं. ऑफिसमधून मीटर मिळाला, वही मात्र घरी पाटावर. मग गेट पास उलटा करून त्यावर आकडे लिहिले आणि सुटा कागद म्हणून काळजीने ऑफिसरची सही घेतली. संध्याकाळी आकडे कंपनीच्या छापील फॉर्मवर उतरवले आणि पास नेऊन वहीजवळ, पाटावर ठेवला. दसऱ्याला वहीत उतरवू म्हणून. दसऱ्याला ते घाईत वही तेवढी उचलून गोदीत गेले, मागे बायकोने पूजा हलवली आणि सुपाऱ्या, अक्षता, लाल कापड, सगळं एकत्र गुंडाळून माळ्यावर टाकलं. पासही त्यातच गेला. पुढच्या दसऱ्याला सुतक होतं, आई वारली होती. त्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंत निवाडा आला होता.

"तेव्हा मीच बोललो, कसली पूजा नि कसलं काय. आता चाळ पाडतायत, सामान बांधताना गाठोडं सुटलं."

"हे तुम्ही साक्षीत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मॅडम, समोर लंडनची बाई. तिला सांगू, माझी वही देवापुढे होती म्हणून लिहिलं नाही? हसली असती. लाज वाटली. विसरलो म्हटलेलं बरं वाटलं तेव्हा."

त्यांना वाटलं असावं की मी हे पहिल्यांदा ऐकतेय. मी मान हलवत राहिले. पण मला माहीत होतं. त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं.

आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या वर्षी चार ऑक्टोबरला मी आणि आई नागपूरला निघालो होतो. निघताना खालचा टॅक्सीवाला गाडीला झेंडूच्या माळा घालत होता आणि समोरच्या सुताराने पटाशा पुसून ओळीने मांडल्या होत्या. ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. घाडीगावकर साक्षीत अडखळले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं की याची वही पूजेत असणार. आणि खरं सांगते, मला राग आला. लहानपणी शेजारची प्रिती दसऱ्याला पुस्तकं पाटावर ठेवायची आणि म्हणायची, आज अभ्यास नाही, पुस्तकाला हात लावायचा नाही. आई मला म्हणायची, आपल्याकडे पुस्तक बंद ठेवायचा दिवस नसतो. तो राग माझ्यात मुरलेला आहे. कामाची वही कामाच्या दिवशी देवापुढे बंद करून ठेवतो आणि वर विसरलो म्हणतो, भोग आपल्या कर्माची फळं, असं मला वाटलं. मग संध्याकाळी मी ते झोकदार वाक्य लिहिलं.

"काका, आता काही होत नाही," मी म्हणाले. "निवाडा रद्द करायला तीन महिने असतात, वर फार तर तीस दिवस. ते कधीच गेले. आणि नवा कागद सापडला एवढ्यावर तसाही रद्द होत नाही. बैल गेला आणि झोपा केला, तसं झालंय."

"मला निवाडा नको बदलायला. तूर कोणाची का असेना. मला फक्त ते वाक्य काढून हवंय."

"वाक्यपण निघत नाही."

त्यांनी पास परत फाइलमध्ये ठेवला. मग अगदी साध्या आवाजात सांगितलं की निवाडा गुप्त असतो म्हणतात, पण ते वाक्य तिसऱ्या दिवशी गोदीत पोचलं होतं. सर्व्हेअरांचं एक पॅनेल असतं, त्यातून त्यांचं नाव निघालं. कॅन्टीनमध्ये पोरं एकमेकांना म्हणतात, घरी बसून मोज, घाडीगावकरसारखं. ते आता तिथे जात नाहीत. "चाळीस वर्षं मोजलंय मी, मॅडम. कमी-जास्त एकदाही नाही."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी साहेबांना विचारून बघते, एवढं म्हणाले आणि पासचा फोटो काढून घेतला. ते गेल्यावर आई म्हणाली, "तुझा चेहरा का असा झालाय?" मी म्हटलं, केस ओले आहेत. याला काय अर्थ आहे हे तिला कळलं नाही आणि मलाही.

हर्षवर्धन धैर्यवान, निवृत्त न्यायमूर्ती, गिरगावात ठाकुरद्वारच्या जवळ तिसऱ्या मजल्यावर राहतात. आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलं, उरलेलं त्यांच्या चुका टाइप करताना शिकले. सोमवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा ते पोहे खात होते. माझ्या फोनवरचा पास त्यांनी मोठा करून, फिरवून, शिक्का न शिक्का पाहिला.

"कागद खरा वाटतो," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. पोहे घे."

"साहेब, आपण चुकलो."

"चुकलो असू. पण आपलं काम निवाडा दिल्या दिवशी संपलं. आता मी त्या प्रकरणात तुझ्या आईइतकाच परका आहे. उद्या मला कळलं की चूक झाली, तरी सुधारायचा अधिकार कुठून आणू?"

मला असली उत्तरं सहन होत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ताटली बाजूला ठेवून ते नीट बोलायला लागले. नवीन वकील असताना त्यांच्याकडे खेतवाडीतल्या दोन भावांचा दावा होता, एका सामाईक जिन्याचा. निकाल लागला की सहा महिन्यांनी एकाला जुना कागद सापडे. पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. मग दुसऱ्याला सापडे. एकतीस वर्षं चाललं. "आणि गंमत अशी नम्रता, की त्यातला एकही कागद खोटा नव्हता. दोघं भाऊ मेले, त्यांची मुलं आज एकाच जिन्याने मान खाली घालून जातात. लोक आपल्याकडे येतात ते बरोबर उत्तरासाठी, हे खरं. पण त्याच्याही आधी त्यांना शेवट हवा असतो. उशिरा आलेल्या प्रत्येक खऱ्या कागदासाठी दार उघडं ठेवलं तर आत कोणालाच झोप लागणार नाही."

हे पटण्यासारखं होतं, आणि त्याचाच मला त्रास झाला. मी म्हणाले, "पण तो शेवट त्या दोन कंपन्यांनी मागितला होता. घाडीगावकरांनी कुठे मागितला? ते पक्षकार नव्हते. साक्षीला बोलावलं म्हणून आले. त्यांना वकील नव्हता, उत्तर द्यायची संधी नव्हती, त्या चार महिन्यांतही त्यांना अर्ज करता आला नसता. कंपन्यांचं भांडण मिटलं आणि शिक्षा त्यांना झाली."

साहेब उठले. कपाटातून निवाड्याची प्रत काढून एकशे अठरावा परिच्छेद चष्मा वर करून वाचला. दोनदा वाचला.

"'सोयीने तयार केलेले'. असं मी सांगितलं होतं?"

"नाही. ते माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "आम्ही तिघांनी वाचून सही केली," ते म्हणाले. "म्हणजे ते आमचं झालं. तुझं राहिलं नाही."

"मला त्या दिवशी खंडेनवमी आहे हेही माहीत होतं."

"ते तू मला सांगायला हवं होतंस की नव्हतं, मला ठरवता येत नाही. पुराव्यात नसलेली गोष्ट सेक्रेटरीने लवादाच्या कानात सांगणं हाही गुन्हाच." त्यांनी प्रत मिटली. "एक ऐक. हे बाहेर बोलू नकोस. सेक्रेटरीने निवाड्यातली कारणं लिहिली असं बाहेर गेलं, तर हा एकच निवाडा नाही, मी दिलेले सगळे उकरले जातील. तुलाही पुन्हा कोणी उभं करणार नाही."

मी पोहे न खाताच खाली उतरले.

दोन दिवस मी स्वतःला समजावत होते. गुप्ततेच्या करारावर सही आहे, घरात आईची पेन्शन आणि माझी मिळकत एवढंच आहे, आणि आता सांगून फरक काय पडणार, वरातीमागून घोडं. सगळी कारणं चोख होती. पण कॅन्टीनमधल्या पोरांचं ते बोलणं कानातून जात नव्हतं. ती पोरं माझंच वाक्य घोळवत होती.

गुरुवारी मी लालबागला गेले. घाडीगावकरांची खोली अर्धी बांधून झाली होती. भांड्यांची पोती, दोरीने आवळलेल्या गाद्या, भिंतीवर फोटोंचे चौकोनी डाग. त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकूंनी, एका ट्रंकेवर चादर घालून मला बसवलं आणि कोकम सरबत दिलं. माझ्याकडून चांगली बातमी येणार असं दोघांच्या चेहऱ्यावर होतं. सरबत हातात असताना बोलवेना, म्हणून मी ते आधी संपवलं.

"काका, साहेबांना काही करता येत नाही. आणि ते वाक्य साहेबांचं नाहीच. माझं आहे. ते फक्त सिद्ध झालं नाही एवढंच लिही म्हणाले होते. पुढचं मी माझ्या मनाने लिहिलं."

घाडीगावकर एका बांधलेल्या गादीवर टेकले.

"आणि त्या दिवशी खंडेनवमी होती हे मला माहीत होतं. वही कुठे असेल याचा अंदाजही आला होता."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. "तुमका ठावक होता?"

"हो."

"आणि मूग गिळून बसलास? एवढे शिकलेले बसलास थंय, एकाकय इचारूचा सुचला नाय?" त्यांचा आवाज चढला. "रातभर झोपाक नाय हा माणूस. गोदीची वाट सोडल्यान. भाजी हाडूक पण त्या रस्त्याक जाणा नाय."

"शेवंती," घाडीगावकर म्हणाले.

"काय शेवंती? बोलू दे माका."

त्या बोलल्या. मी ऐकून घेतलं. त्यांच्या बोलण्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. त्या दमल्या तेव्हा घाडीगावकर उठले, एका खोक्यातून फील्ड बुक काढून बासष्टावं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. हॉलमध्ये ते मी चार हात लांबून पाहिलं होतं. हातात पहिल्यांदाच आलं. कोपऱ्यात हळदीचा पिवळट डाग होता.

"मॅडम, एक सांगा. ही वही साक्षीच्या आधी सव्वा वर्ष माझ्या घरात होती. आकडे छापील फॉर्मवर होते, त्याची कॉपी माझ्याकडे होती. पेन्सिल होती. पान भरायला दहा मिनिटं लागली असती. भरलं असतं, तर त्या वकिलाला काय कळलं असतं?"

"काहीच नाही."

"मग का नाही भरलं मी?"

मी त्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं.

"फील्ड बुकात मोजताना लिहितात. घरी बसून उतरवलं की ते फील्ड बुक राहत नाही. पास वहीत उतरवणार होतो तो पास समोर ठेवून, तसा शेरा मारून. पास गेला. मग फॉर्मवरचं बघून इथे लिहायचं, ती झाली बनवाबनवी. म्हणून कोरं ठेवलं." ते माझ्याकडे वाकले. "खोटे आकडे करणारा माणूस सगळ्यात आधी हे पान भरतो. एवढं तुम्हाला चौघांना कसं कळलं नाही?"

गेट पास, शिक्के, तो ऑफिसर, यातलं काहीच लागत नव्हतं. मी तो पासचा फोटो घेऊन गिरगावपर्यंत धावले, उशिरा आलेला पुरावा म्हणून. आणि पुरावा पहिल्या दिवसापासून आमच्या टेबलावर उघडा पडला होता. वकिलाने तो स्वतःच्या हाताने उंच धरून दाखवला होता. तीन देशांतली तीन जाणती माणसं आणि एक मी, आम्ही तो पाहिला आणि उलटा वाचला. वाचायला कायदाही लागत नव्हता आणि पंचांगही. मला रडू आलं. काकूंच्या समोर रडायची लाज वाटली, तरी आलं.

काकूंनी पाणी दिलं.

पत्र मी तिथेच ट्रंकेवर बसून लिहिलं, मराठीत, पॅनेलच्या नावाने. झोकदार वाक्य एकही नाही. मी अमुक प्रकरणात लवाद मंडळाची सेक्रेटरी होते. एकशे अठराव्या परिच्छेदातलं ते वाक्य माझं आहे आणि त्याला पुराव्यात आधार नव्हता. साक्षीदाराची वही त्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेत होती, याची मला कल्पना होती आणि मी गप्प राहिले. वहीतलं पान त्याने नंतर भरलं नाही, याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला. निवाडा अंतिम आहे आणि राहील. हे पत्र फक्त जयवंत सीताराम घाडीगावकर यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आहे. खाली सही, पत्ता, तारीख. मागे गेट पासची झेरॉक्स.

घाडीगावकरांनी ते दोनदा वाचलं. "पूजेचं राहू दे त्यात," ते म्हणाले. "ते काढू नका. ते मी तेव्हा बोलायला हवं होतं."

साहेबांना मी फोनवर सांगितलं. लपवून करायचं नव्हतं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले की आता आपल्याला एकत्र काम करता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "पान त्याने भरलं नाही, हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

पॅनेलचं ऑफिस बॅलार्ड पियरला आहे. सोमवारी आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पत्र चाळलं.

"निवाडा बदललाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग हे कशासाठी? यावर आम्ही काय करणार?"

"काय करायचं ते तुमच्या कमिटीला ठरवू द्या," घाडीगावकर म्हणाले. "तुम्ही फक्त तारखेचा शिक्का मारा आणि मला पोच द्या."

बाईंनी शिक्का मारला. कमिटी महिन्यातून एकदा बसते, कळवू म्हणाल्या. घाडीगावकरांनी पोच उलटसुलट पाहिली, तारीख तपासली आणि फाइलमध्ये ठेवली.

बाहेर आलो. पुढे काय होईल हे दोघांनाही माहीत नव्हतं. नाव परत लागेल, किंवा पत्र एखाद्या गठ्ठ्यात जाईल. निवाड्यातलं वाक्य मात्र आहे तिथेच आहे. जगात कुठेही ती प्रत उघडली तर तेच वाचायला मिळणार. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. माफी मागायची होती, नीट शब्दांत, ती अजून मी मागितली नव्हती. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, पत्र दिलंत, चांगलं केलंत. पण मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. अजून नाही जमत."

मी मान हलवली.

"चला," ते म्हणाले, "बसस्टॉपपर्यंत सोडतो."